अक्षर कुणाचं आहे?

कृष्णाकाठच्या आमच्या गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे. तिच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक म्हणून बसतो. एरवी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो आणि घरचा अडीच एकर ऊस आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराची घटना घडली आणि राज्यभरातल्या शाळांना पुन्हा एकदा सूचना गेल्या: तक्रारपेटी लावली आहे का बघा. आमच्याकडे होती. पत्र्याची, लाल रंगाची, हेडमास्तरांच्या दाराशेजारी, माझ्या डोक्याच्या उंचीवर टांगलेली. तिसरीतल्या पोराला बाकडं ओढल्याशिवाय हात पोचणार नाही अशी. कुलूप होतं, किल्ली नव्हती.

दोन दिवस किल्ली शोधून झाल्यावर शिपायानं कोयंडाच उचकटला. आत गुटख्याची एक रिकामी पुडी आणि तीन चिठ्ठ्या निघाल्या. तिन्ही एकाच अक्षरातल्या. पहिलीत एकच ओळ: ‘मुलींच्या संडासाला आतून कडी नाही.’ दुसरीत तीच ओळ, वर ‘कृपया’ जोडलेलं. तिसरीत लिहिलं होतं: ‘मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. एकीला बाहेर उभं राहावं लागतं. हे मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. पेटी कुणी उघडतं का?’

समितीची बैठक भरली. पहिला प्रश्न कडीबद्दल येईल असं तुम्हाला वाटेल. पहिला प्रश्न आला तो असा: ‘अक्षर कुणाचं आहे?’ सहावी-सातवीच्या वह्या मागवून घेऊ, असं एकानं सुचवलं. मी त्यांना हसलो नाही, कारण तोवर मीही चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरून ‘ळ’चा वळसा निरखत होतो. वीस-बावीस वर्षांची सवय. कागद हातात आला की आधी सही बघायची.

मुलांच्या हक्कांची जी काही चर्चा आपल्याकडे होते, ती ‘मुलांनी बोलतं व्हावं’ इथे सुरू होते आणि तिथेच संपते. माझं म्हणणं वेगळं आहे. मुलं बोलतात. तीन-तीनदा बोलतात, ‘कृपया’ लावून बोलतात. उत्तर देण्याचं बंधन मात्र आपल्यावर कुणी घातलेलं नाही, आणि जिथे घातलंय तिथे ते पाळलं नाही म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

पाठ केलेलं बोलणं मात्र आपल्याला फार आवडतं. सांगली-साताऱ्यात वक्तृत्व स्पर्धांना तोटा नाही. गुरुजींनी लिहून दिलेलं भाषण हातवारे करून म्हणणाऱ्या पोराला आपण टाळ्या देतो, रोख बक्षीस देतो, फोटो काढतो. तेच पोर घरी येऊन ‘मला अकरावीला सायन्स नकोय’ म्हणालं की लहान तोंडी मोठा घास होतो.

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा पुष्कळ पुढे आहे. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार २० नोव्हेंबर १९८९ ला मंजूर झाला आणि ११ डिसेंबर १९९२ ला भारतानं तो स्वीकारला. त्याचं बारावं कलम सांगतं की आपलं मत बनवू शकणाऱ्या मुलाला, त्याच्याशी संबंधित प्रत्येक गोष्टीत ते मांडायचा हक्क आहे, आणि त्याच्या वयाप्रमाणे, समजेप्रमाणे त्या मताला वजन द्यायला हवं. आपल्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानं हेच तत्त्व तिसऱ्या कलमात घेतलं. आणि हे फक्त हल्ली निघालेलं खूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: इंग्रजांच्या अमदानीतल्या १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातसुद्धा आहे की अल्पवयीनाला नीट पसंती सांगण्याइतकी समज असेल, तर पालक नेमताना कोर्ट ती पसंती विचारात घेऊ शकतं. म्हणजे कोर्टानं पोराला विचारावं ही कल्पना आपल्या पणजोबांच्या काळातली आहे.

त्याहून गंमत साक्षीच्या कायद्याची. साक्षीदाराला वयाची खालची अट नाही. जुन्या कायद्यात नव्हती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही नाही. प्रश्न कळतो आणि त्याचं समजून उत्तर देता येतं, एवढं कोर्टाला पटलं की सात वर्षांचं पोर खुनाच्या खटल्यात साक्ष देऊ शकतं. त्याच्या शब्दावर माणूस जन्मठेपेला जाऊ शकतो. मोठ्यांच्या भानगडीत त्याचं बोलणं आपण सांभाळून लिहून घेतो. त्याच्या स्वतःच्या आयुष्याचा प्रश्न आला की मात्र ‘त्याला काय कळतंय’.

कोर्टाच्या व्हरांड्यात मी हे फार जवळून बघितलंय. नवराबायकोचा वाद, दहा वर्षांचा मुलगा, ताबा कुणाकडे द्यायचा. आत पुकारा व्हायचा असतो आणि बाहेर बाकावर आजी पोराच्या शर्टाची बटणं लावत पढवत असते: ‘साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं? आजीकडं राहायचंय म्हणायचं.’ पलीकडच्या खांबाआड मामा वडापाव घेऊन उभा. न्यायाधीशबाई समजूतदार होत्या. त्यांनी मुलाला आपल्या खोलीत बोलावलं, आम्हा दोन्ही वकिलांना बाहेर ठेवलं. ते बरंच झालं. पंधरा मिनिटांनी तो बाहेर आला. पुढे आदेश वाचला तेव्हा कळलं, तो ‘आई’ही म्हणाला नव्हता आणि ‘बाबा’ही नाही. त्यानं शाळा बदलू नका एवढंच सांगितलं होतं. दोन्ही बाजूंच्या कागदपत्रांच्या त्या एवढ्या गठ्ठ्यात शाळेचा विषय कुठेही नव्हता. माझ्याही अर्जात नव्हता.

ऐकणं म्हणजे पोराला ‘हे की ते’ असं कोंडीत धरणं नव्हे, हे मी त्या दिवशी शिकलो. आणि ऐकणं म्हणजे तो म्हणेल ते करणंही नव्हे. ‘मग काय, पोरं सांगतील तसं वागायचं का?’ असा प्रश्न या विषयावर बोलताना हमखास येतो. नाही. कोर्ट माझंही ऐकतं आणि दहातल्या सहा वेळा माझ्याविरुद्ध निकाल देतं. पण का दिला ते कारणांसकट लिहून देतं. मुलांसाठी एवढंच मागणं आहे.

लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात तर ऐकायचं कसं तेही लिहून ठेवलंय. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेशात नसताना. कोर्टात सरकारी वकील असो की आरोपीचा, प्रश्न थेट मुलाला विचारायचा नाही, न्यायाधीशांमार्फत विचारायचा. दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवायची आणि होता होईतो वर्षात खटला संपवायचा. हे वाचून कुणालाही वाटेल, कायदा करणाऱ्यांना मूल म्हणजे काय ते कळत होतं. प्रत्यक्षात आठव्या वर्षी घडलेली गोष्ट पोरगी अकराव्या-बाराव्या वर्षी सांगते आणि तेव्हा तिला विचारलं जातं की त्या दिवशी फ्रॉक कोणत्या रंगाचा होता. रंग चुकला की आमची वकील मंडळी खूश होतात. यात कायद्याचा दोष काढायला जागा नाही. तारीख पुढे ढकलणाऱ्याला तिला उत्तर द्यावं लागत नाही, एवढंच.

सातारा जिल्ह्याला या विषयावर बोलायचा मोठा अधिकार आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला एक मुलगा तिथल्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झाला. रजिस्टरवर क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. २०१७ पासून राज्यभर हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. भाषणं होतात, चांगलं आहे. पण मला त्याच मुलाची पुढच्याच वर्षीची मसूरची हकिकत जास्त आठवते. सुट्टीत वडिलांकडे निघालेली ती भावंडं, भाचरं मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांना धाडलेलं पत्र वेळेवर पोचलंच नव्हतं, त्यामुळे घ्यायला कुणी आलं नाही. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडं देऊन, बैल स्वतः हाकत, प्यायला पाणी न मिळता पोरांनी ती रात्र काढली. नऊ-दहा वर्षांच्या मुलानं जे पाहिलं ते त्यानं मोठेपणी स्वतः लिहून ठेवलं म्हणून आपल्याला माहीत. त्या रात्री त्या स्टेशनात पोरांचं ऐकायला माणसं होती. उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

दुसरी गोष्ट अलीकडची. २२ ऑक्टोबर २०११ ला सातारा जिल्हा परिषदेनं एक कार्यक्रम केला. ज्या मुलींची नावं ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी ठेवली होती त्यांना नवी नावं दिली. २८५ मुली. मुलगा हवा असताना झालेली मुलगी, म्हणून ते नाव. कार्यक्रमाचं कौतुक जगभर छापून आलं आणि ते योग्यच होतं. पण कोर्टकचेरीतला माणूस असल्यामुळे मला हजेरीपट दिसतो. रोज सकाळी, सगळ्या वर्गासमोर, मास्तर हाक मारणार ‘नकुसा’, आणि ती म्हणणार ‘हजर’. वर्षानुवर्षं. त्या वर्गात एक शिकलेला, पगारी, मोठा माणूस रोज ते नाव वाचत होता. त्या दिवशी काही मुलींनी आपलं नवं नाव स्वतःच निवडलं, असं तेव्हा बातम्यांत होतं. त्या अख्ख्या सोहळ्यातली ही एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी दिलेलं नाव आणि आपण घेतलेलं नाव, दोन्हीत फरक आहे.

तिसरी गोष्ट खिरखंडीची. जावळी तालुक्यातलं कोयनेच्या पाण्याकाठचं गाव. तिथल्या मुली स्वतः होडी वल्हवत पाणी ओलांडायच्या आणि पुढे जंगलातून चालत अंधारीच्या शाळेत जायच्या. जानेवारी २०२२ मध्ये वर्तमानपत्रात बातमी आली, मुंबई उच्च न्यायालयानं ती वाचली आणि स्वतःहून दखल घेतली. न्यायालयाला दंडवत. पण जरा थांबून बघा. त्या मुलींना एकट्यानं कोर्टात जाता येत नाही. अल्पवयीनाला दावा करायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे वादमित्र लागतो, म्हणजे कुणीतरी मोठं माणूस. गावापासून जिल्ह्यापर्यंत एकही मोठं माणूस वादमित्र झालं नाही, म्हणून उच्च न्यायालयाला पेपर वाचून वादमित्र व्हावं लागलं. होडीतून शाळेला जाणाऱ्या मुलींनी तोवर कुणालाच काही सांगितलं नसेल?

आता गावाकडे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायची पद्धत सुरू केली. मुलांनी अभ्यास करावा, घरात बोलणं व्हावं म्हणून. मला हा प्रयोग मनापासून आवडतो, कारण बंदी मोठ्यांनाही आहे. ‘तू मोबाइल ठेव’ म्हणणारा बाप स्वतः रील बघत बसलेला नाही, हे आपल्याकडे फार दुर्मीळ. तरी एक शंका काढायची ती काढतोच, आणि ती वडगावबद्दल नाही, सगळ्याच गावांबद्दल आहे. ग्रामसभा म्हणजे मतदारयादीतली माणसं. अठराच्या आतल्या कुणाला तिथे स्थान नाही. मुलांची संध्याकाळ, मुलांची शाळा, मुलांचं मैदान यांचे ठराव अशा सभेत होतात जिथे मूल सभासदच नाही. बायकांच्या बाबतीत हे आपण ओळखलं आणि ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक केलं. बालसभा मात्र परिपत्रकात आहे, गावच्या विकास आराखड्याच्या पुस्तिकेत आहे, आणि पुष्कळ ठिकाणी फक्त फोटोत आहे: खाऊ वाटला, घोषणा दिल्या, अपलोड केलं.

ग्रामपंचायतीनं उत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. त्यातून काय घ्यावं हे कधी मुलांना विचारलंय? आमच्याकडे एके वर्षी त्यातून सतरंज्या आणल्या. सतरंज्या लग्नाकार्यातही चालतात, हे त्या खरेदीमागचं न बोललेलं कारण.

बालसभेला महिला सभेसारखं कायद्याचं बळ द्यावं. तिचं इतिवृत्त लिहावं, आणि पुढच्या ग्रामसभेत पहिला विषय हाच असावा: मुलांनी काय मागितलं, त्यातलं काय केलं, काय केलं नाही, का केलं नाही. ‘पैसे नाहीत’ हेही उत्तर आहे. मुलांना ते कळतं. आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर कळतं.

आणि जे तरुण झालेत त्यांचं काय? अठराव्या वर्षी मत देता येतं, १९८९ पासून. ग्रामपंचायतीला उभं राहायला एकवीस लागतात, विधानसभेला पंचवीस. कॉलेजच्या खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद पडल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं त्या परत आणायचं ठरवलं, २०१९ ला तयारी झाली आणि विधानसभेच्या निवडणुका आल्या म्हणून पुढे ढकलल्या. पोरांच्या निवडणुका थोरांच्या निवडणुकीसाठी थांबतात, यावर मी वेगळं काही म्हणायची गरज नाही. हाणामाऱ्या होतात म्हणून नकोत, असं म्हणणाऱ्यांनी आपल्या सोसायटीच्या आणि कारखान्याच्या निवडणुका आठवाव्यात.

बालविवाहाचं एक सांगून पुढे जातो, कारण हे फार थोड्यांना माहीत असतं. २००६ च्या कायद्याप्रमाणे लग्नाच्या वेळी ज्याचं कायद्यानं लग्नाचं वय झालेलं नव्हतं, त्याला किंवा तिला ते लग्न कोर्टाकडून रद्द करून घेता येतं, सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत. हा हक्क बापाचा नाही, पंचांचा नाही, सासरचाही नाही. फक्त त्या मुलीचा किंवा मुलाचा. आधीच करायचं असेल तर पालक किंवा वादमित्र आणि सोबत बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. आपल्या गावांत ती जबाबदारी ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, असते. एवढ्या वर्षांच्या वकिलीत माझ्याकडे असा अर्ज घेऊन एकही मुलगी आलेली नाही. अशी लग्नं मात्र मी जेवून आलोय. नववी-दहावीतला माझ्या पाहण्यातला कुठलाच पाठ हे सांगत नाही, आणि मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर आमच्या शाळेच्या भिंतीवर आहे तो शौचालयाकडे पाठ केलेल्या भिंतीवर.

तर पेटी. कडी बसवली, पंचेचाळीस रुपयांची. मी स्वतः इस्लामपूरहून आणली. वह्या मागवल्या नाहीत. पेटी खाली घेतली, पाचवीच्या पोराच्या छातीपर्यंत, आणि मुलींच्या वर्गाकडच्या व्हरांड्यात नेली. किल्ली हेडमास्तरांकडे नको, अंगणवाडीच्या ताईंकडे असावी, यावर तासभर वाद झाला. शेवटी दोन कुलपं लावली, एक किल्ली ताईंची, एक आमच्या समितीची. व्हरांड्यातल्या जुन्या फळ्यावर दर शनिवारी उत्तरं लिहायची ठरलं. पहिलं उत्तर: ‘कडी बसवली. उशीर झाला. पेटी आता दर शनिवारी उघडतो.’ ‘उशीर झाला’ हे शब्द नकोत, असं एक-दोघांचं म्हणणं होतं. ते ठेवले.

पुढच्या महिन्यात चिठ्ठ्या वाढल्या. बऱ्याचशा फालतू होत्या, आणि त्या तशा असायलाच हव्यात. खिचडीत मटकी नको. अमका चिडवतो. क्रिकेटची बॅट फक्त मुलांना का. त्यांतल्या दोन मात्र अशा होत्या की त्या फळ्यावर लिहिण्यासारख्या नव्हत्या, आणि त्यांचं जे करायचं ते कायद्याप्रमाणे केलं.

डिसेंबरमधली एक चिठ्ठी माझ्या नावानं होती. ‘वकीलकाका, तुमच्या उसात तोडणीची टोळी आलीय त्यातली दोन पोरं शाळेत येत नाहीत. मोठी अकरा वर्षांची आहे. तिला वाचता येतं.’

मोफत शिक्षणाचा हक्क १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. जन्मदाखला नाही, वर्षाच्या मध्ये आलं, ही कारणं चालत नाहीत. हे सगळं मी सभांमधून बोलतो. आणि माझ्याच फडाच्या कडेला, पाचटाच्या खोपीपुढे, ती पोरगी वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन रोज मला दिसत होती. आईबाप मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, पहाटे चारला फडात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते. टोळी गेली तर माझा ऊस उभा राहतो. गप्प बसायला एवढं कारण पुरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खोपीवर गेलो. मुकादमाशी बोलायच्या बेतात होतो, मग तिलाच विचारलं, ‘शाळेत येतीस का?’ ती म्हणाली, ‘याला कोण बघंल?’ प्रवेशाचा अर्ज, बदलीचा दाखला, सगळं माझ्या डोक्यात तयार होतं. बाळ नव्हतं. अंगणवाडीच्या ताईंनी नियमात बसवून नाही, पदराखाली झाकून त्या बाळाला दिवसाचे पाच तास ठेवून घेतलं. दोघी बहिणी शाळेत बसल्या. फळ्यावर उत्तर लिहायला मला चार दिवस लागले होते, आणि त्यात ‘उशीर झाला’ हे परत लिहावं लागलं.

जानेवारी संपता संपता टोळी नदीपलीकडच्या गावात हलली. मास्तरांनी दोघींच्या हातात कागद दिला, तिकडच्या शाळेत दाखवायला. परवाच्या शनिवारी पेटीत चिठ्ठी होती, तिकडच्या शाळेनं त्यांना घेतलं का म्हणून. मी दोनदा फोन केला, उचलला नाही. या आठवड्यात जाऊन यायला हवं. फळ्यावरची ती जागा अजून रिकामी आहे.